बिनपाण्याची गाडी

सासऱ्यांच्या गाडीत मी पाणी ओतलं. एक तांब्या पूर्ण आणि दुसरा अर्धा. ओतताना मला स्वतःचं कौतुकच वाटत होतं, कारण सासुरवाडीला जाऊन सकाळी सात वाजता आपणहून काम करणारा जावई जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत मिळून फार तर दोन असतील. दुसरा तांब्या अर्धा झाला तरी पाणी वर दिसेना, म्हणून मी आत बोट घालून बघितलं. बोट काळं आणि बुळबुळीत होऊन बाहेर आलं. मला वाटलं, बरीच वर्षं कुणी पाणी बदललेलं दिसत नाही.

सासरे ओट्यावर दाढी करत बसले होते. खांबाला आरसा टांगलेला, एका गालावर फेस, दुसरा साफ.

"मामा," मी म्हणालो. आमच्याकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात. "गाडीत पाणी कमी होतं. टाकलं मी."

त्यांचा हात गालावरच थांबला.

"कुठं टाकलं?"

"मागं. इंजिनापाशी टोपण आहे ना, तिथं."

"पावणं, त्या गाडीत पाणी नसतंय."

"तेच तर. नव्हतंच. दीड तांब्या गेलं."

त्यांनी वस्तरा पाण्याच्या वाटीत ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. म्हणजे माझ्या बाजूला बघितलं; माझ्या कानाशेजारी कुठंतरी. मग अगदी शांतपणे म्हणाले, "ते ऑइलचं टोपण हाय. ती गाडी वाऱ्यावर थंड व्हते. पाणी लागतच न्हाई तिला. म्हणून तर बिनपाण्याची."

आता कुणीही म्हणेल, सव्वीस वर्षं त्या घरचा जावई असून याला एवढं माहीत नव्हतं? नव्हतं. आणि त्याला कारण आहे. कारण आहे म्हणजे सबब नव्हे, पण सांगतो.

मी जुन्नरचा. आमच्या तालुक्यात धरणं इतकी की पाण्याकडे कुणी वळून बघत नाही. सासुरवाडी लोणीची, आंबेगावच्या पार पूर्वेला, आणि तेव्हा ते गाव ठणठणीत कोरडं होतं. माझं लग्न ठरलं तेव्हा माझी आत्या दारोदार सांगत सुटली होती, "बिनपाण्याच्या गावची केली बाई." पुढे लोणीला गेलो तर तिथले लोक सासऱ्यांच्या गाडीकडे बोट दाखवून कौतुकानं म्हणाले, "ही आमची बिनपाण्याची." मला वाटलं, गाव बिनपाण्याचं, म्हणून गाडी बिनपाण्याची. गावाचं नाव जसं माणसाला लागतं तसं गाडीला लागलं असेल. वर गाडीच्या डिकीत, म्हणजे पुढच्या बाजूला, कारण इंजिन मागं, वीस लिटरचा पाण्याचा कॅन कायम भरलेला. मी त्यावरून काय समजायचं?

गाडी कशी होती तेही सांगायला हवं. सासरे तरुणपणी मुंबईत एका परदेशी साहेबाकडे ड्रायव्हर होते. साहेब कायमचा मायदेशी निघाला तेव्हा गाडी त्यांच्याकडे आली. कशी आली, कागद कसे झाले, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि कुणाची विचारायची टाप नव्हती. दोन दारांची, बुटकी, पाठीकडे उतरत गेलेली, दोन गोल दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर आलेले. साहेब लोक असल्या गाड्या शर्यतीसारख्या पळवतात म्हणे. सासऱ्यांनी तिच्यातून कांद्याचं रोप नेलं, आजारी माणसं नेली, आणि आमच्या लग्नानंतर मला आणि बायकोला जुन्नरला पोचवलं. पुढे दोनच माणसांची जागा. तिथं सासरे आणि त्यांची मुलगी. मागच्या सीटवर, जिथं साहेबाचं कुत्रं बसायचं, तिथं नवरदेव. गुडघे हनुवटीला लावून मी लोणी ते जुन्नर आलो. दारात उतरलो तेव्हा आधी पाय बाहेर आले आणि मग बऱ्याच वेळानं फेटा.

त्याच प्रवासात मंचरच्या पुढे इंजिनाचा आवाज एकदम वाढला. तो आवाज मुळातच विचित्र. पिठाची गिरणी आणि शिवणयंत्र एकाच खोलीत चालू असावं तसा, आणि त्यावर एक शिट्टी. माझ्या अगदी कुल्ल्यांखाली. मी काळजीनं म्हणालो, "पाणी बघायला पाहिजे." सासऱ्यांना ऐकू गेलं नाही. बायकोनं मात्र मान वळवून माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि बोलली नाही. नुसती हसली. त्या हसण्याचा अर्थ मी प्रेम असा लावला. नवीन लग्न होतं.

तर मी पाणी ओतलं त्या दिवशी ती गाडी जायची होती. पासिंग संपत आलं होतं, पार्ट मिळायचे कधीच बंद झाले होते, आणि तिची नस ओळखणारा मंचरचा मिस्त्री गॅरेज बंद करून मुलाकडे राहायला जाणार होता. पुण्याचे एक गृहस्थ जुन्या गाड्या जमवतात. ते दुपारी तीन वाजता ट्रक घेऊन येणार होते. सासऱ्यांनी हे सगळं मान्य केलं, फक्त एक अट घातली. जायच्या दिवशी सकाळी ते स्वतः गाडी चालवत तळेघरपर्यंत जाणार. घाट चढणार, वर थांबून भाकरी खाणार आणि दुपारच्या आत परत आणून देणार.

घाट का, तर तिथंच त्या गाडीनं नाव काढलं होतं. उन्हाळ्यात चढावर जीपा उभ्या राहायच्या, बॉनेट वर, वाफेचे लोट, माणसं ओढ्यात पाणी शोधत फिरतायत. त्यांच्यामधून ही बुटकी गाडी शिट्टी वाजवत वर जायची. वर गेल्यावर सासरे थांबायचे, डिकी उघडायचे आणि कॅन घेऊन चालत खाली यायचे. ज्यांच्या गाड्या तापल्यात त्यांच्या रेडिएटरमध्ये पाणी ओतायचे. म्हणजे बिनपाण्याच्या गाडीत पाणी असायचं ते दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. ऐकली होती म्हणजे काय, ऐकताना जेवत असायचो.

अडचण अशी होती की सासऱ्यांना दिसत नव्हतं. काचबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं होतं, समोरचं थोडं दिसेल, बाजूचं गेलं, आता गाडी चालवायची नाही. सासरे म्हणाले, "घाट मला पाठ हाय." बायको म्हणाली, "दादा, घाट तुम्हाला पाठ आहे, समोरून येणाऱ्या एसटीला तुम्ही पाठ आहात का?" पंधरा दिवस फोनवर हे चाललं होतं. ती रडली, रागावली, भावाकडून सांगवून बघितलं. सासरे हलले नाहीत. शेवटी ठरलं की मी शेजारी बसायचं. मी कशासाठी शेजारी बसायचं हे कुणी स्पष्ट केलं नाही. मला वाटतं, जे व्हायचं ते एकट्याला होऊ नये म्हणून.

आदल्या दिवशी आम्ही लोणीला मुक्कामाला गेलो. सकाळी बायकोनं मला उठवलं आणि म्हणाली, "निघायच्या आधी पाणी बघा." ओट्यावर भरलेला तांब्या ठेवलेलाच होता. मी बघितलं.

इथपर्यंत सांगून झालं. आता सासरे वस्तरा वाटीत ठेवून बसलेत आणि मी काळं बोट घेऊन उभा आहे.

मला वाटलं ओरडतील. ते ओरडले नाहीत. वस्तरा उचलला, उरलेला गाल केला, पंच्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "बिनपाण्यानं हजामत करणारे लई बघितले, पावणं. पाणी लावून करणारे तुमीच पयले."

मेव्हणा गोठ्यातून धावत आला. "दाजी, चालू नाय ना केली?"

"नाही."

"मग वाचली."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताला पीठ. ती मला काहीच बोलली नाही. सव्वीस वर्षांत असं फार वेळा झालेलं नाही, त्यामुळे मी जास्तच घाबरलो.

मिस्त्री नऊच्या सुमाराला आले. ते तसेही येणारच होते, गाडीला निरोप द्यायला. त्यांच्या वडिलांपासून ती गाडी दुरुस्तीला त्यांच्याकडे. सत्तरीचे, पांढरी दाढी, स्वच्छ शर्ट घालून आले होते. मी झालेलं सांगितलं. त्यांनी शर्ट काढून दोरीवर टाकला, बनियनवर गाडीखाली शिरले आणि घमेलं मागितलं. आधी पाणी आलं, मग ऑइल. ते घमेल्याकडे बघत राहिले.

"या गाडीतनं पाणी निघालेलं आज पहिल्यांदा बघतोय," ते म्हणाले.

"मिस्त्री, चुकलं माझं," मी म्हणालो.

"तुमचं काय चुकलं, भाऊ. ही गाडी बनवणाऱ्या कंपनीनंपण शेवटी पाणीच घातलं. वाऱ्यावरची इंजिनं बंद केली, पाण्याची काढली. तिकडं लोकांनी किती आरडाओरडा केला. तेवढे मोठे इंजिनियर, त्यांनी घातलं. तुम्ही जरा उशिरा घातलं इतकंच."

मला हे समाधान म्हणून सांगितलं की टोमणा म्हणून, हे कळेना. त्या दिवशी मला एकूणच फार थोडं कळत होतं.

सासरे ओट्यावरून म्हणाले, "किती वेळ लागंल?"

मिस्त्रींनी हात पुसले, एकेक बोट. "दादा, नळ्यांमधी किती गेलंय सांगता येत नाही. सगळं धुवायला पाहिजे. आणि हिचं ऑइल मंचरला मिळत नाही. पुण्यावरनं येईल, परवापर्यंत. आज चालू करायची नाही."

"म्हणजे घाट ऱ्हायला."

"राहिला, दादा."

सासरे उठून गाडीपाशी गेले, दार उघडलं आणि आत बसले. दोन्ही हात स्टिअरिंगवर. तसेच बसून राहिले. मेव्हणा माझ्याकडे बघेना, मी मिस्त्रींकडे बघेना. घाटात खायची भाकरी आणि ठेचा आम्ही दारातल्या लिंबाखाली बसून खाल्ला. सासऱ्यांचं ताट बायकोनं गाडीत नेऊन दिलं. त्यांनी ते गाडीतच खाल्लं, मांडीवर ठेवून, समोर बघत. समोर गोठ्याची भिंत होती.

जेवणानंतर मी मिस्त्रींच्या हातावर पाणी घालत होतो. ते हळूच म्हणाले, "एवढ्या पाण्यानं काय होत नसतं. चालू केलीच नव्हती. तासाभरात झालं असतं."

"मग तुम्ही परवा का म्हणालात?"

"त्यांना दिसत नाही, भाऊ. मला तर दिसतंय ना."

मी उरलेलं पाणी माझ्याच पायावर ओतलं.

तीनला ट्रक आला, पण डांबरी रस्त्यावरच थांबला. घराकडे यायच्या वाटेवर कालव्याचा अरुंद पूल आहे. धरणाचा कालवा लोणीच्या बाजूला आला तेव्हापासून दोन्हीकडे ऊस उभा आहे, आणि माझी आत्या असती तर तिला तिचे शब्द गिळावे लागले असते. पुलावरून ट्रक येईना, म्हणून गाडी तिकडे न्यायची ठरली. मेव्हण्यानं ट्रॅक्टर काढला, दोर बांधला.

"मी धरतो स्टिअरिंग," मी म्हणालो.

"तुमी शेजारी बसा," सासरे म्हणाले. "तसंच ठरलं व्हतं न्हवं?"

अर्धा किलोमीटर. ट्रॅक्टर पुढे फटफट करत होता आणि आमची गाडी मुकी. त्या गाडीत मी कधी पुढे बसलो नव्हतो. रस्ता इतका जवळ दिसतो की पाय वर घ्यावेसे वाटतात. सासरे ताठ बसले होते, हनुवटी वर.

"पावणं, पूल आला का?"

आम्ही पुलावर होतो. माझ्या डाव्या हाताला कठडा इतका जवळ होता की खिडकीतून त्यावरचं शेवाळ मोजता आलं असतं. कठड्यापलीकडे कालवा, भरून वाहणारा.

"आला, मामा," मी म्हणालो. "जरा उजवीकडं घ्या. अजून जरा. बस, बस."

त्यांनी घेतलं. माझ्या आवाजाच्या मागं मागं त्यांचे हात चालत होते. पूल संपला तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता. तळेघरच्या घाटात किती वळणं आहेत हे मी आठवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मला वाटलं, बरं झालं पाणी ओतलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून योग्य वेळी चूक झाली.

तेवढ्यात सासरे म्हणाले, "आवाज असता तर कळलं असतं."

"कसला आवाज?"

"हिचा. कठड्यावरनं आवाज परत येतोय. झाडावरनं निराळा, दरडीवरनं निराळा. मोकळं असलं की येतच न्हाई. दोन वर्सं मी तसाच चालवतोय. तुमाला काय वाटलं, बघून चालवत व्हतो?"

हे खरं असेल तर मी त्यांचा घाट हिरावून घेतला होता. खरं नसेल तर आमचे दोघांचे जीव वाचवले होते. समोरून येणाऱ्या एसटीचा आवाज परत येत नाही, ती स्वतःच येते, असं मला म्हणायचं होतं. पण ज्या माणसानं गाडीत पाणी ओतलंय त्यानं गाडी कशी चालवावी यावर बोलू नये, एवढं भान मला होतं.

पुण्याचे गृहस्थ सभ्य होते. मिस्त्रींनी त्यांना पाण्याचं स्पष्ट सांगितलं, की धुतल्याशिवाय चालू करू नका. ते म्हणाले, "हरकत नाही, मी चालू करणारच नाहीये. हॉलमध्ये ठेवायची आहे. दिवे लावून."

सासऱ्यांनी किल्ली त्यांच्या हातात दिली. मग डिकी उघडून आतला कॅन बाहेर काढला. त्या गृहस्थांनी हसून विचारलं, "आजोबा, या गाडीत पाण्याचा कॅन कशाला?"

"दुसऱ्यासाठी," सासरे म्हणाले आणि कॅन माझ्याकडे दिला. "तुमच्या गाडीत ठिवा. तुमची पाण्याची हाय. लागंल."

ट्रक गेला. मिस्त्रींनी शर्ट घातला. सासरे वाटेनं परत चालायला लागले, मेव्हण्याच्या खांद्यावर हात ठेवून. पुलावर ते थांबले, कठड्याला हात लावून बघितला आणि पुढे गेले.

आम्ही उजेड असतानाच जुन्नरला निघालो. माझी साधी, चार दारांची गाडी, इंजिन पुढं, पाणी जिथं असायचं तिथं. मागच्या सीटवर तो कॅन, पट्टा लावून बसवलेला. नारायणगाव येईपर्यंत बायको खिडकीबाहेर बघत होती. मी सकाळपासूनचं सगळं पुन्हा जुळवत होतो आणि ते एका जागी येऊन अडत होतं.

"एक विचारू?" मी म्हणालो. "सकाळी तू म्हणालीस, पाणी बघा. कुठलं पाणी?"

"कॅनमधलं. घाटात लागतं ना, लोकांना."

"तुला माहीत होतं, त्या गाडीला पाणी लागत नाही."

"माझ्या बापाची गाडी. मला माहीत नसेल?"

"मग सरळ म्हणायचं, कॅनमधलं पाणी बघा. मी कॅन बघितला असता."

तिनं मागं वळून कॅनचा पट्टा नीट केला. लग्नाच्या दिवशी पुढच्या सीटवरून वळली होती, तशीच. या वेळी मात्र बोलली.

"म्हणून तर तसं म्हणाले नाही."